पिंजऱ्यातली पांढरी लाइन

शेवंती घाडीगावकरनं विमा कंपनीतली नोकरी सोडून भांडणांचा धंदा काढलाय, ही बातमी चाळीत कुणी आणली ते आजही सांगता यायचं नाही. पण कुशाबाच्या मसाला कुटायच्या डंकासमोर मिरच्या-धण्यांची पोतडी घेऊन बसलेल्या बायकांना ती शेवंतीच्या नवऱ्याच्या आधी कळली होती, एवढं खरं. राजेश बँकेतून घरी चालला होता. रांगेतल्या एकीनं त्याला हटकलंच, "काय भावजी, आता घरातली भांडणं तिकीट लावून काय?" बिचारा घरी पोचला आणि चपला काढता काढता म्हणाला, "अगं, तू नोकरी सोडलीस का?"

शेवंती भाकरी थापत होती. "सांगणारच होते," ती म्हणाली. "आधी चहा तरी घे."

आता शेवंती म्हणजे कोण, हे ज्याला माहीत नाही तो एक तर लालबागचा नाही किंवा वयानं फारच लहान आहे. एके काळी परळच्या महिला संघाची ही चढाईपटू. कबड्डीच्या मैदानात उतरली की समोरच्या सात जणींना तिच्या वेणीचं टोकसुद्धा हाती लागत नसे. घोट्याला कुणी धरलंच, तर ही पोटावर पडायची, धरणारीसकट फरफटत जायची आणि मधल्या लाइनवर थाप मारून उठायची. त्या थापेच्या जोरावर तिला खेळाडूंच्या कोट्यातून विमा कंपनीत नोकरी लागली. मग कंपनीनं कबड्डीचा संघच बंद केला आणि शेवंती टेबलावर अडकली ती अडकलीच. सात जणींच्या कड्यातून निसटणाऱ्या बाईला फायलींच्या कड्यातून काही निसटता येईना.

सुटका केली ती मनूनं. मनू म्हणजे त्याच मजल्यावर टोकाच्या खोलीतली मुलगी. तीही कबड्डीच खेळायची, पण निवड समितीनं तिला दोनदा वगळलं होतं आणि ती रुसून मोबाइलात डोकं घालून बसायची. एका दुपारी शेवंतीनं तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. एका जाळीच्या पिंजऱ्यात दोन बाया एकमेकींना बुकलत होत्या.

"काय गो हे? कोणाचा कोणाशी वैर?"

"वैर नाय काकी, खेळ आहे. एमएमए. लाथ, बुक्की, कुस्ती, ज्युडो, सगळं चालतं."

"बंद कर. बघवत नाय," शेवंती म्हणाली आणि बघत राहिली. तेवढ्यात त्यातल्या एकीनं दुसरीचा घोटा धरून तिला आडवं केलं. शेवंती ताठ झाली. "अगो, ही तर आपली पकड आहे! फक्त शिट्टी वाजली तरी सोडत नाहीत."

झालं. पुढचं चाळीला तोंडपाठ आहे. वरळीच्या एका जिममध्ये जाऊन ही बाई आपल्या लेकाच्या वयाच्या पोरांबरोबर मॅटवर लोळायला शिकली. मनूला गच्चीवर एका जुन्या मॅटवर शिकवू लागली. मग तिच्या लक्षात आलं की शिवडीपासून वरळीपर्यंत पोरं-पोरी हा खेळ शिकतायत, पण आपापसात लढायचं तर जागा नाही, पंच नाही, बघायला माणूस नाही. म्हणून तिनं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि कंपनी काढली. नाव ठेवलं 'गिरणगाव फाइट नाइट'. लढती होणार रविवारी दुपारी, कारण सोमवारी सकाळी सगळ्यांना कामावर जायचं असतं. नावातली नाइट अजून कुणी बघितलेली नाही.

कंपनी म्हणजे काय, तर शेवंती, राजेश आणि गच्चीच्या जिन्याखाली गुंडाळून ठेवलेली मॅट. पिंजरा बनवून घेतला तो गणपतीच्या रांगांचे बॅरिकेड बनवणाऱ्याकडून. राजेश माइकवर. चाळीतल्या सत्यनारायणाच्या पूजेला तीर्थप्रसादाची सूचना देणारा त्याचा मऊ आवाज, त्याच आवाजात तो सांगे, "आता या ठिकाणी दोन्ही खेळाडू एकमेकांना मारतील. कृपया शांतता राखावी."

पहिल्या खेळाला शाळेचं मैदान मिळालं होतं. समोरच्या इमारतीतल्या एका आजोबांनी पोलिसांना फोन केला की इथे माणसं पिंजऱ्यात कोंडून बडवतायत. दुसरा खेळ लग्नाच्या हॉलमध्ये झाला. तिथे संध्याकाळच्या लग्नाचा नवरदेव लवकर आला आणि स्टेजवर रक्त पुसणाऱ्या माणसाला बघून खुर्चीत बसला तो उठेना. त्यानंतर दादर-परळमधल्या एकाही हॉलवाल्यानं शेवंतीचा फोन धड घेतला नाही. "ताई, बारसं असेल तर सांगा," एक जण म्हणाला.

उरलं होतं एकच दार. प्रभादेवीचं नवतरुण व्यायाम मंदिर. त्याचे विश्वस्त श्यामकांत धैर्यवान. जुनं मुंबईकर घराणं, स्वतः आर्किटेक्ट, आता निवृत्त. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून रोज सकाळी हॉलची फरशी वाकून बघणारा माणूस. त्यांच्यासमोर शेवंती आणि राजेश शाळेत नाव घालायला आलेल्या पालकांसारखे बसले.

"बाई, हा हॉल आमच्या वडिलांच्या पिढीनं व्यायामासाठी बांधला," श्यामकांत म्हणाले. "हाणामारीसाठी नव्हे."

"हाणामारी नाही साहेब, खेळ आहे. नियम आहेत. डॉक्टर असतो, पंच असतो."

"खेळाडूंची मला भीती नाही. प्रेक्षकांची आहे. लालबागचे प्रेक्षक मी पाहिले आहेत." त्यांनी हॉलमधल्या खुर्च्यांकडे बोट केलं. "एक संधी देतो. कार्यक्रमात एकही खुर्ची हवेत गेली, तर पुन्हा या पायऱ्या चढू नका. नाही गेली, तर दर महिन्याचा पहिला रविवार तुमचा."

"खुर्ची सोडा साहेब, टाचणी हलणार नाही," शेवंती म्हणाली.

बाहेर आल्यावर राजेश म्हणाला, "आपल्या लोकांची गॅरंटी कोण देणार?"

"मी दिली ना."

"तू दिलीस गं. खुर्चीनं दिली का?"

शेवंतीनं त्याच्याकडे बघितलं नाही. हा हॉल गेला तर कंपनी मिटवायची, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. राजेशला ती बोलली नव्हती; पण मॅट विकत घेता का म्हणून वरळीच्या जिमवाल्याला तिनं विचारून ठेवलंय, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. राजेशलाही होतं. दोघंही एकमेकांना माहीत नसल्यासारखं वागत होती. संसार असाच चालतो.

मग तयारी सुरू झाली आणि तयारीत झाली ती चूक. कुशाबानं, म्हणजे डंकवाल्यानं, प्रायोजक व्हायचं कबूल केलं होतं. अट एकच: 'कुशाबा मालवणी मसाले' हे नाव मॅटच्या बरोब्बर मधोमध पाहिजे, आणि पाकिटावर असते तशी नावाखाली पांढरी जाड रेघ पाहिजे. "लाथ मारताना पण माझं नाव दिसायला पाहिजे," तो म्हणाला. रंगवायला आला तो प्रभादेवी-परळातली कबड्डीची सगळी मैदानं आखणारा पेंटर. त्यानं विचारलं, "रेघ केवढी मारू?"

शेवंती त्या वेळी डॉक्टरशी फोनवर बोलत होती. म्हणाली, "नेहमीसारखी मार रे."

त्यानं मारली. या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार, त्याच जाडीची, त्याच चुन्यासारख्या पांढऱ्या रंगाची. शेवंती फोन ठेवून बघायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला ती मॅट एकाएकी इतकी ओळखीची, इतकी घरची वाटली की का वाटतेय हे विचारायचं सुचलंच नाही. "बेस झालंय," ती म्हणाली.

रविवारी अख्खं लालबाग प्रभादेवीला लोटलं. ढोल आणायला श्यामकांतांची बंदी होती, म्हणून लोकांनी गळे आणले. मुख्य लढत मनूची, दादरच्या कादंबरी राजाध्यक्षशी. कादंबरी लहानपणापासून ज्युडो खेळणारी, शांत डोळ्यांची, पाण्याचे घोट मोजून घेतल्यासारखी पिणारी मुलगी. तिचे पाठीराखे डावीकडे बसले होते, गुडघ्याला गुडघा लावून. उजवीकडे लालबाग.

"ए दादर," उजवीकडून कुणी तरी ओरडलं, "वह्या-पुस्तकं आणलीत का?"

"आणलीत," डावीकडून एक काकू म्हणाल्या. "तुमच्या पोरीला घरी जाऊन अभ्यास करावा लागणारे."

दोन्हीकडे हशा झाला. पहिल्या रांगेत कठड्यामागे श्यामकांत मांडीवर हात ठेवून बसले होते आणि त्यांची नजर पिंजऱ्यापेक्षा खुर्च्यांवर जास्त होती. शेवंती त्यांच्या बाजूला उभी होती. आधीच्या पाच-सहा लढती सुरळीत झाल्या. शिवडीचा एक पोरगा हरला आणि जिंकणाऱ्याच्या गळ्यात पडून रडला, तेव्हा श्यामकांतांनी चष्मा पुसला.

पंच होता सम्यक. ऐरोलीचा पोरगा, परीक्षा देऊन पंच झालेला. लालबागशी त्याचं काही नातं नव्हतं आणि कबड्डीशी तर त्याहून नव्हतं. कुणाची बाजू घेणार नाही म्हणून तर शेवंतीनं त्याला मुद्दाम आणला होता.

मनू झकास खेळली. आत शिरायची, एक ठेवून द्यायची, कादंबरीचा हात यायच्या आत बाहेर. चढाईच ती. दुसऱ्या फेरीत तर कादंबरीच्या नाकातून रक्त आलं आणि उजवी बाजू उभी राहिली. तेवढ्यात मनूनं लाथ उचलली आणि कादंबरीनं तो घोटा हवेतच धरला. दोघी खाली आल्या. मनू पोटावर, कादंबरी तिच्या पायाला वेलीसारखी लपेटलेली, आणि पाय पिळायला सुरुवात.

या खेळात असं झालं की खेळाडूपुढे दोन वाटा असतात. सोडवून घ्यायचं, नाही तर जमिनीवर थापा मारायच्या. थाप मारणं म्हणजे 'पुरे, मी हरले' असं सांगणं. पंचानं तत्क्षणी लढत थांबवायची, नाही तर पाय मोडतो. लहान पोरालाही माहीत असलेला नियम. मनूलाही माहीत होता. गच्चीवर शंभरदा घोकला होता.

पण मनूनं मान वर केली आणि तिला समोर, हातभर अंतरावर, ती पांढरी लाइन दिसली.

आणि उजवीकडून शेकडो गळ्यांतून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीनं, एकच आरोळी उठली. "लाइन घे मनू! लाइन! लाइऽऽन!"

मनूनं दात आवळले, कादंबरीसकट स्वतःला फरफटवलं, हात लांबवला आणि लाइनवर थाप मारली. एक नाही, चांगल्या तीन. थाप थाप थाप.

सम्यकनं झेप घेऊन दोघींना सोडवलं आणि लढत संपवली. कादंबरी दोन्ही हात वर करून उठली. आणि मनूही दोन्ही हात वर करून उठली! लंगडत आपल्या कोपऱ्याकडे पळाली, एक बोट दाखवत. "एक पॉइंट! काकी, एक पॉइंट!" उजवी बाजू खुर्च्यांवर नाचू लागली. क्षणभर त्या पिंजऱ्यात दोन विजेत्या होत्या आणि मधे एकटा सम्यक, लग्नात चुकून दोन नवऱ्या आलेल्या भटजीसारखा.

मग त्यानं कादंबरीचा हात धरून वर केला.

उजवीकडचे नाचणारे पाय खुर्च्यांवरच थांबले. मग मनूच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. तिनं आपल्या तळहाताकडे बघितलं आणि तिला कळलं. ती जाळीला पाठ लावून खाली बसली.

"शरण गेली?" मागून कुणी तरी विचारलं. लालबागात हरण्याची कुणाला लाज नाही. शरण जाण्याची आहे. "मनू शरण गेली?"

"ह्या! लाइन घेतली ती! पंचाला डोळे नाहीत काय?"

"बाहेरचा पंच आणलाय! सेटिंग आहे!"

डावीकडच्या काकूही आता उभ्या राहिल्या होत्या. "सेटिंग काय? थाप मारली म्हणजे हरली! नियम वाचा!" आणि सगळ्यात पुढे, पिंजऱ्याच्या पायऱ्यांजवळ, लाल झालेला कुशाबा. "माझ्या नावावर हात मारला म्हणून हरली? माझ्या नावावर?" असं म्हणत त्यानं बाजूची खुर्ची दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलली.

श्यामकांत उठून उभे राहिले. शेवंतीनं त्यांच्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं आणि ती धावली. कुशाबाकडे नाही, पिंजऱ्यात. राजेश माइकवर म्हणत होता, "कृपया सर्वांनी स्थानापन्न व्हावं, प्रसादाची... म्हणजे निकालाची..." तिनं त्याच्या हातातून माइक ओढला.

"कुशाबा, ती खुर्ची तशीच धरून ठेव. हलवलीस तर बघ. हात दुखले तरी चालतील."

कुशाबा खुर्ची डोक्यावर घेऊन पुतळ्यासारखा थांबला. लोकांचं लक्ष त्याच्याकडे गेलं, काही जण फिस्सकन हसले.

"निकाल बरोबर आहे," शेवंती म्हणाली. "थाप मारली की संपलं. कादंबरी जिंकली."

"हूऽऽऽट!" उजवी बाजू खवळली. "आपल्याच पोरीला बुडवतेस?"

"माझी आहे म्हणूनच सांगते. आणि 'लाइन घे' म्हणून ओरडलं कोण? पिंजऱ्यात कसली लाइन? ओरडणाऱ्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला.

"म्हणजे काय, मनूनं हार मानली?" मागचा तो आवाज अजून तिथेच होता.

शेवंतीला राग आला. लोकांचा आला, आणि खरं सांगायचं तर मनूचाही आला. शंभरदा शिकवलं होतं. "हार नाही मानली," ती म्हणाली. "पण सवयीवर ताबा पाहिजे. हात आपलाच असतो. आपण ठेवू तिथे राहतो. थांबा, दाखवतेच. कादंबरी, ये बाळा. माझा पाय धर."

कादंबरी नाकाला कापूस लावून उभी होती. "काकी, नको. लागेल तुम्हाला."

"लागू दे. तो गुडघा तू जन्माला यायच्या आधीच गेलाय."

आणि लालबागनं बघितलं की ट्रॅकसूट घातलेली, केसांत चांदी आलेली, कंपनीची मालकीणबाई मॅटवर पालथी पडली आणि दादरच्या पोरीनं बिचकत तिचा घोटा धरला. शेवंतीनं माइक बाजूला ठेवला होता, पण आता हॉलमध्ये माइक लागत नव्हता.

"पीळ."

कादंबरीनं जरासा पिळला.

"हे बघा," शेवंती मान वर करून म्हणाली. लाइन तिच्या नाकासमोर होती. "दुखतंय. तरी हात इथेच. बघताय ना? हात आपला असतो. आणखी पीळ गं."

कादंबरीनं आणखी पिळला. शेवंतीच्या कपाळावर शीर आली. उजवीकडच्या पहिल्या रांगेतली एक म्हातारी, जी कधी काळी शेवंतीच्याच संघातून खेळली होती, ती खुर्चीच्या कडेला सरकली आणि तिच्या तोंडून अगदी हळू निघालं, "लाइन..."

शेजारचा म्हणाला, "लाइन." मग त्याच्या मागचा. मग सगळी रांग. "लाइन! लाइन घे शेवंती! लाइऽऽन!"

शेवंतीनं डोळे मिटले. ओठ चावला. आणि तिचा उजवा हात, जो तिचाच होता आणि तिनं ठेवलेल्या जागी राहणार होता, सापासारखा सळ्‌कन पुढे गेला. थाप थाप थाप.

तिनं डोळे उघडले. हाताकडे बघितलं. तो लाइनवर होता.

"मेल्या!" ती त्या हाताला म्हणाली.

जाळीला टेकून बसलेल्या मनूच्या नाकातून आधी एक विचित्र आवाज आला, आणि मग ती खो खो हसत सुटली. रडणंही त्यातच होतं. मग कादंबरी, शेवंतीचा पाय हातात धरूनच. मग हॉल. लालबाग हसलं, दादर हसलं. वहीवाल्या काकूंनी तर पदर तोंडात कोंबला. सम्यकनं संधी साधून शेवंतीच्या खांद्याला हात लावला आणि गंभीर चेहऱ्यानं खूण केली, लढत संपली. त्यानं कादंबरीचा हात दुसऱ्यांदा वर केला आणि या वेळी उजव्या बाजूनं शिट्ट्या मारल्या.

शेवंती उठून बसली. धाप लागली होती. "बघितलंत?" ती म्हणाली. "मी हे मैदान सोडून किती वर्षं झाली. कुणाला शरण गेले मी आत्ता? मी लायनीकडे गेले. मनू पण लायनीकडेच गेली. पण या खेळात लायनीकडे गेलं की हरतो. म्हणून मनू हरली, आणि शरण गेली नाही. दोन्ही खरं. कळलं?"

"कळलं!" म्हातारी म्हणाली.

"शेवंतीताई," डोक्यावर खुर्ची घेतलेला कुशाबा कळवळून म्हणाला, "हात भरून आले गं."

"ठेव खाली. हळू. आणि बस तिच्यावर."

तो बसला. खुर्ची जमिनीला टेकल्याचा आवाज शेवंतीला आयुष्यातल्या कुठल्याही शिट्टीहून गोड वाटला असेल. पण ती खुर्ची हवेत गेली होती की नव्हती, हा प्रश्न उरलाच होता. कुशाबाचा हात सुटला नव्हता, पण खुर्चीचे पायही जमिनीला नव्हते. सगळे पांगल्यावर ती श्यामकांतांसमोर जाऊन उभी राहिली, पंचासमोर उभं राहावं तशी. राजेश दोन पावलं मागे.

श्यामकांत आपला उजवा हात डाव्या हातात धरून उभे होते.

"धरलेली खुर्ची उडालेली नसते," ते शेवटी म्हणाले. "पहिला रविवार तुमचा."

राजेशनं मागून "धन्यवाद" म्हटलं, पूजेनंतर म्हणतो तसं.

"पण एक अट आहे. ती रेघ पुसा."

"पुसते साहेब. उद्याच. कुशाबाला मी समजावते."

"उद्या नको, आज." त्यांनी उजवा हात खिशात घातला आणि आवाज खाली आणला. "लहानपणी आम्हीही गोखले रोडच्या मागच्या गल्लीत हुतुतू खेळायचो. तुम्ही तिथे पडलात आणि माझा हात समोरच्या कठड्यावर आपटला. या वयाला हे शोभत नाही."

हॉलमधल्या मॅटवरची रेघ त्याच संध्याकाळी गेली. कुशाबा दोन दिवस फुगला, मग त्यानं नाव एका कोपऱ्यात घालून घेतलं आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की कोपराच भारी, खेळाडू सगळ्यात जास्त तिथेच बसतात.

मनू मात्र तीन-चार दिवस गच्चीवर फिरकली नाही. शेवंती बोलवायलाही गेली नाही. चाळीतल्यांनी डोक्याला डोकं लावून भाकितं केली: पोरगी परत कबड्डीला जाणार, आईनं स्थळं बघायला घेतलीत, वगैरे. पाचव्या संध्याकाळी मनू आली तेव्हा शेवंती गच्चीवरच्या जुन्या सरावाच्या मॅटवर उकिडवी बसून रंगाचा ब्रश चालवत होती. मधोमध, आरपार, पांढरी लाइन.

"हे काय काकी? तिकडची पुसलीस आणि इकडे काढतेस?"

"तिकडे खेळायचं. इकडे शिकायचं. झोप पालथी."

मनू पडली. शेवंतीनं तिचा घोटा धरला आणि पिळला. मनूचा हात निघाला.

"मूठ!" शेवंती ओरडली. "मूठ वळ! मुठीनं थाप बसत नाही!"

पहिल्या दिवशी ती मूठ दहातून एकदा वळली. पण त्या ओरडण्यानं खालच्या मजल्यावरच्या पोरी वर आल्या, त्यांच्या मागून शिवडीच्या दोघी, त्याही कबड्डीच्या. मग एका शनिवारी जिन्यात खाकरल्याचा आवाज झाला आणि दारात कादंबरी उभी. खांद्यावर पिशवी, हातात पाण्याची बाटली.

"काकी, मला तुमची ती चढाई शिकवाल? मनू आत येऊन बाहेर कशी जाते ते मला त्या दिवशी कळलंच नाही. नाकावर बसली ती बुक्की पण दिसली नाही."

"दादरला शिकवायचं म्हणजे शिकवणी लागेल," मनू पालथी पडल्या पडल्या म्हणाली. "वह्या-पुस्तकं आण."

"आणते. आधी पाय दे."

कादंबरीनं पिशवी ठेवली, मॅटवर आली आणि मनूचा घोटा तसाच, त्याच बाजूनं धरला. पोरींनी मॅटभोवती कडं केलं. शेवंतीनं त्यांना खूण केली आणि सगळ्या एका सुरात किंचाळू लागल्या, "लाइन! लाइन! लाइऽऽन!" समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या उलटणारी बाई थबकून बघू लागली.

मनूचा हात निघाला. लायनीच्या बोटभर अलीकडे थांबला आणि मिटला. मूठ तिनं छातीखाली ओढली, कूस पालटली, दुसरा पाय कादंबरीच्या कमरेला लावून ढकलला आणि घोटा सुटला. ती उठून उभी राहिली तेव्हा तिचं स्वतःच्या मुठीकडे लक्षही नव्हतं. ती कादंबरीला हात देऊन उठवत होती.

शेवंतीनं ट्रॅकसूटच्या बाह्या वर सारल्या आणि कड्यातल्या पोरींकडे बघितलं.

"पुढची कोण?"